दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

रविवारी सकाळी नऊ वाजता राजानंद खरात यांनी सांगितलं की चालताना त्यांना दम लागत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी, याच ओट्यावर, याच प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं: फार लागतो, मिलच्या गेटापर्यंत जाताना वाटेत बसावं लागतं. दोन्ही वेळा विचारणारी एकच, पलीकडच्या गल्लीतली भावना. समाजकार्याची पदवी घेतल्यावर पुण्याच्या एका संशोधन प्रकल्पात तिला मिळालेलं हे पहिलं काम.

राजानंद जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर असतात. भावनाजवळची आरोग्य-प्रश्नावली मुळात इंग्रजी. ती मराठीत केली, दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घेतली, ताडून पाहिली. शब्दांत खोट निघाली नाही. आता उत्तरं टिकतात का ते पाहायचं होतं, म्हणून त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा. तब्येत बदलली नसेल तर उत्तरही बदलू नये. पुन्हा का विचारतो हे मात्र सांगायचं नाही. सांगितलं तर लोक आधीचं आठवून बोलतात. दोन्ही वेळा ‘फार दम लागतो’ म्हणणाऱ्याची छातीची तपासणी आणि पुढचे उपचार प्रकल्प करणार होता. तेही सांगायचं नव्हतं.

वस्तीचा अनुभव वेगळा. कागद घेऊन माणूस एकदा आला तर चौकशी. तोच परत आला तर पहिलं सांगणं त्याला पटलेलं नाही. राजानंद यांची मुलगी प्रीती, तिच्या जात पडताळणीला अधिकारी दुसऱ्यांदा आला आणि तिचं कॉलेजचं वर्ष गेलं.

त्या रविवारी शेजारचे कडूबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, “राजानंदा, पहिल्या पेपरात नापास झाला वाटतं. बाई फेरपरीक्षा घ्यायला आली.”

सगळे हसले. राजानंद हसले नाहीत. आपलं बोलणं मिलपर्यंत गेलं, ठेकेदाराने हिला खात्री करायला पाठवलं, असा त्यांनी हिशेब लावला.

“दम? बिलकुल न्हाई,” ते म्हणाले. मग थांबले, श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं. “बराबर लिही.”

भावनाने तो श्वास ऐकला. सांगितलेलंच नोंदवायचं, असा नियम होता. तिने तेच नोंदवलं.

राजानंद यांच्या पत्नी बेबीनंदा तिच्यामागे रस्त्यापर्यंत आल्या. रात्री ते आडवे होत नाहीत, भिंतीला टेकून बसून झोपतात, तसं लिही, असं त्यांचं म्हणणं.

“मामी, मला त्यांचंच लिहावं लागतं. माझ्या डोळ्यांचं न्हाई.”

“मंग तू परत आल्ती कशाला?”

याचं उत्तर भावनाला माहीत होतं. देण्याची परवानगी नव्हती.

संध्याकाळी तिने पुण्याला प्रकल्पप्रमुख शरयू मॅडमना फोन केला. त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं. निरीक्षण मोलाचं आहे, लेखात अभ्यासाच्या मर्यादा सांगताना त्याचा उल्लेख करू, असं म्हणाल्या. अर्धी माहिती गोळा झाल्यावर पद्धत बदलता येणार नव्हती. तपासणीसाठी राजानंद यांचं एकट्याचं नाव घ्या, ही भावनाची विनंती त्यांनी प्रकल्पाच्या समितीकडे पाठवली.

महिन्याभरात हिशेब झाला. मिलमधल्या बहुतेक कामगारांची दमाविषयीची दोन उत्तरं जुळली नाहीत. तो प्रश्न मराठी प्रश्नावलीतून गाळला. उरलेले प्रश्न भुकेचे, झोपेचे, सणासमारंभाला जाण्याचे. त्यांपायी कुणाची नोकरी जात नाही, त्यांची उत्तरं छान जुळली. मराठी प्रश्नावली या भागातल्या कामगारांसाठी विश्वसनीय आहे, असा निष्कर्ष निघाला.

समितीचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. राजानंद यांच्या दोन उत्तरांत विसंगती असल्याने तपासणीपूर्वी तिसरी मुलाखत घ्यावी. प्रश्न तेच, कारण न सांगता.

भावना काल सकाळी गेली. ओट्यावर बेबीनंदा एकट्याच धान्य निवडत होत्या. तिच्या हातातली फाईल पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं.

“ते कामावर गेलेत,” त्या म्हणाल्या. “सांगून गेलेत, भावना आली तर म्हणावं, मला काही न्हाई.”

भावनाने त्यांची कामावर जायची वेळ विचारली. शिफ्ट आठचीच आहे, मिल अर्ध्या तासाच्या वाटेवर. राजानंद आता सहालाच निघतात.