जुन्या पेटीला दोन भोकं

आमच्या आत्याचा आवाज खणखणीत, आणि तीस वर्षं लोकांनी तिला त्याचीच शिक्षा दिली. कुठल्याही स्टुडिओत गेली की तेच: मागे सरका, जरा हळू गा. तरी वरच्या सुरात रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटायचाच. शेवटी तिने ठणकावून सांगितलं की आता एकदाच गाईन, तेही घरच्या स्टुडिओत. फाटला तर पुन्हा माइकसमोर उभी राहणार नाही.

घरचा स्टुडिओ म्हणजे माझ्या दादाचा. त्याच्याकडे एक जुना प्रीअँप आहे, माइकचा बारीक आवाज मोठा करणारी लोखंडी पेटी. तिच्यातून आलेला आवाज असा भरदार की नव्या यंत्रांनी तोंडात बोट घालावं. पण ही पेटी आमच्या चांगल्या माइकला वीज पुरवत नव्हती, आणि मोठा आवाज तिला झेपत नव्हता. मी म्हटलं, दोन बटणं बसवते. एक फँटम पॉवरचं, म्हणजे आवाजाच्याच तारांमधून माइकला अठ्ठेचाळीस व्होल्ट पाठवायचे. दुसरं पॅडचं, म्हणजे आत शिरणारा आवाज दारातच कमी करायचा. दादाच्या मते पेटीला भोक पाडणं म्हणजे त्याच्या छातीलाच पाडणं. मी त्याला बाहेर पिटाळलं आणि ड्रिल चालवलं. दोन्ही तारांत वीज सारखीच जावी म्हणून, वीज अडवणारे शंभर रेझिस्टर मोजून तंतोतंत सारखे दोन निवडले. एवढी चिकाटी मी अभ्यासात दाखवली असती तर आई धन्य झाली असती.

शनिवारी सकाळी आत्या आली. मी ऐटीत दोन्ही बटणं दाबली. तिने पहिली तान घेतली आणि आवाज पूर्वीपेक्षाही वाईट फाटला. दादा नुसता त्या भोकांकडे बघत राहिला. आत्याने पर्स उचलली. मी दार अडवलं.

"आत्या, अर्धा तास दे मला."

"तीस वर्षं दिली, अर्ध्या तासाने काय होतंय," ती म्हणाली आणि बसली.

मी मीटर लावला. पॅड दाबलं की माइकची वीज जवळजवळ गायब. झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. पॅडचा मधला भाग मी अर्थिंगला जोडून ठेवला होता, त्यामुळे माइकसाठी निघालेली वीज वाटेतच मुरत होती आणि उपाशी माइकच आवाज फाडत होता. शाळकरी चूक. मी ती एक तार कापली.

आत्या सवयीने चार पावलं मागे उभी होती. मी तिला दंड धरून माइकपाशी आणलं, वीतभर अंतरावर. ती गायली. वरच्या सुरातही आवाजाची पातळी दाखवणारा काटा फाटण्याच्या लाल रेषेच्या बराच अलीकडे राहिला. मग तिने हेडफोन लावून सगळं ऐकलं, डोळे मिटून. मला वाटलं रडेल. रडले मी.

तिने हेडफोन काढून दादाच्या हातात दिला.

"हे भीत भीत गायले होते," ती म्हणाली. "पुसून टाक. आता गाते."

आणि गायली. खिडकीची काच थरथरली, काटा लाल रेषेला टेकला नाही. दादा उठून उभा राहिला. मी आधीच उभी होते.