घरचा नमुना

आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत आहे. बाजारातल्या हळदीत शिसं शोधताना शेजारी एक शुद्ध नमुनाही तपासावा लागतो, आणि तो, म्हणजे हळद किंवा हळद घातलेला एखादा पदार्थ, जो तो आपल्या घरून आणतो. घरचं म्हणजे शुद्धच, यावर आमच्या अख्ख्या विभागाचं एकमत होतं. एवढी शिकलेली माणसं, पण कुणाला शंका आली नाही. मलाही नाही.

त्या सोमवारी मी कोपरगावहून बाबांच्या हातची चिंचगुळाची आमटी घेऊन नगरला आले होते. अर्धी जेवणात संपवली, उरलेली नमुन्याला दिली. बाबा निवृत्त शिक्षक. आई गेल्यापासून स्वतःच रांधतात, तेही आईच्याच पितळी पातेल्यात. स्टीलमध्ये ती चव येत नाही म्हणतात.

आमची तपासणीची पट्टी नखाएवढी असते. तिच्यावर बिस्मथचे डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण बसवलेले असतात. नमुन्यात शिसं असलं की ते या कणांवर जमतं आणि मोबाईलवरच्या सरळ रेषेला टेकाड येतं.

"लीना, तुझ्या आमटीनं तर बाजारच्या हळदीला मागं टाकलं," माझा सहकारी सुश्रुत हसत म्हणाला. त्याने पट्टी बदलून पुन्हा पाहिलं. टेकाड तेवढंच. मग तो हसला नाही.

शनिवारी घरी जाऊन हळद, चिंच, गूळ, पाणी सगळं गुपचूप घेऊन आले. सगळं स्वच्छ निघालं. पुढच्या खेपेला पातेल्याच्या आतली कल्हई खरवडून आणली. शिसं तिच्यात होतं. कथील महाग, म्हणून कल्हईवाल्याने त्यात शिसं मिसळलं असणार.

मला रडू आलं नाही. खरं तर काहीच झालं नाही. मी पट्ट्या कचऱ्यात टाकल्या, टेबल पुसलं आणि आईचं जेवण आठवत बसले. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, पातेल्यातच भात कालवून. रात्रीची आमटी त्याच पातेल्यात ठेवून सकाळी भाकरीबरोबर खायची, मुरलेली चांगली लागते म्हणून. तिचं पोट दुखायचं. रंग उतरला होता. पुढे पुढे मनगट असं लुळं पडलं की लाटणं धरवेना. डॉक्टर टॉनिक देत राहिले.

बाबांना सांगणं भागच होतं. ते रोज त्याच पातेल्यातलं खात होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "दर दिवाळीआधी कल्हईला मीच न्यायचो," ते म्हणाले. "तिला कंटाळा यायचा. मी म्हणायचो, अगं, कल्हई उडालेल्या पितळेत आंबट शिजवू नये, कळकतं, बाधतं." मग म्हणाले, "ती यानंच गेली का?"

"कसं सांगणार, बाबा? पट्टी आमटीचं सांगते. आईचं काही सांगत नाही."

ते उठून आत गेले आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात आईचं गुंतवळ होतं. रोज विंचरताना गळलेले केस ती बोटाभोवती गुंडाळून साठवायची. केसांवर भांडी देणारी बाई यायची पूर्वी. बाई यायची बंद झाली, आई मात्र साठवत राहिली.

"केसांत राहतं ना शिसं?" बाबांनी विचारलं. आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"राहतं."

"मग बघ."

मी केस धुतले, आम्लात उकळले. काळे-पांढरे धागे विरघळून नुसतं पिवळट पाणी उरलं. त्याचा थेंब पट्टीवर टाकला. मोबाईलवर रेषा थोडा वेळ सरळ गेली, मग चढली. मला स्वतःची चीड आली, कारण पहिला विचार आला तो पट्टी किती चांगली चालते याचा.

बाबांना फोन लावला.

"आहे, बाबा."

"खूप?"

"हो."

पलीकडे भांड्यावर पळी वाजल्याचा आवाज आला.

"आज स्टीलच्या पातेल्यात केली आमटी," ते म्हणाले. "तशीच लागते गं, लीना. अगदी तशीच लागते."