सप्टेंबरचं पान आणि पाठमोरा मूस

अशी कल्पना करा, की तुम्ही एका ओल्या फळीवर बसला आहात. नुकतं उजाडलंय, रबरी बुटांत पाणी शिरलंय, घशात खोकला दाटलाय आणि खोकायचं नाही. नाकासमोर बोरूच्या चटयांची भिंत, भिंतीला वहीच्या पानाएवढं भोक, भोकात कॅमेऱ्याची लेन्स. शेजारी तुमचे बाबा. ते घडीघडी तुमच्या कानात सांगताहेत, "हलू नकोस." तुम्ही हललेलाच नाहीत. हलताहेत ते.

बसलात? आता तुमच्या जागी कलिनाला बसू द्या. जागा तिचीच आहे. बिएब्झा नदीच्या दलदलीकाठी तिचं गाव आहे आणि हे लपण तिने बाबांबरोबर ऑगस्टमध्येच बांधलं होतं.

आमच्याकडे गावची अग्निशमन तुकडी दरवर्षी कॅलेंडर काढते आणि नाताळाआधी घरोघर नेऊन देते. या वेळी फोटो शाळेतल्या मुलांचे घ्यायचे ठरलं. सप्टेंबरचं पान कलिनाला मिळालं. सप्टेंबर म्हणजे मुसांच्या, हरणांतल्या सगळ्यांत थोराड जातीच्या, माजाचे दिवस. घोड्याहून उंच असलेला तो नर शिंगांनी वाळुंजाची झुडपं झोडपतो आणि मादीच्या मागे पाण्यातून छाती काढून चालतो. असा फोटो आला तर पान कलिनाचं. नाही आला तर तिथे पाण्याचा पंप छापणार. गेल्या वर्षीही पंपच होता. त्याच्या आदल्या वर्षीही. तुकडीच्या प्रमुखांना तो पंप फार आवडतो.

कलिनाने मुसाचे फोटो काढले नव्हते असं नाही. ढीगभर काढले होते. सगळे मागून. एकदा बाबांना शिंक आली आणि मूस वळून चालता झाला. एकदा भडक लाल जाकिटातले दोन पाहुणे बोरूतून थेट लपणापाशी आले आणि मूस कुठे दिसतो म्हणून विचारू लागले. ते आले तेव्हा मूस त्यांच्या पाठीमागेच होता. ते बोलू लागले तेव्हा नव्हता. एकदा सगळं जमून आलं होतं, तर लेन्सवर वाफ धरली. शाळेत पोरं तिला विचारायची, कलिना, तुझ्या मुसाला तोंड आहे का गं?

फोटो सोमवारी द्यायचा होता. आज रविवार. आणि आज गाडीत झेनोबिया आत्या होती.

आत्या बाबांची थोरली बहीण. नाताळच्या सुपासाठी अळंबी सुकवायची म्हणजे सप्टेंबरातच गोळा करायला हवी, आणि चांगली अळंबी लपणामागच्या भूर्जाच्या झाडांखालीच उगवते असं तिचं ठाम मत. त्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती तिच्या हाकांना. आमच्याकडे रानात पांगलेली माणसं एकमेकांना हाका मारत राहतात, आणि हाकेला ओ द्यावीच लागते. तीन हाकांना ओ आली नाही, तर टोपली तिथेच टाकून शोधायला निघायचं. दलदलीत हे बरोबरच आहे. पण मुसाला ते कोण समजावणार?

कलिनाने गाडीतच आत्याचे हात धरून विनवलं होतं, की आज एक दिवस हाक मारू नकोस. आत्याने टोपलीवर हात ठेवून कबूल केलं. बाबा म्हणाले, सूर्य पश्चिमेला उगवेल, पण ताई गप्प बसणार नाही. त्यावर आत्या त्यांच्याशी रस्ताभर बोलली नाही, तेवढीच शांतता.

आणि आता मूस आला होता. समोरच्या डबक्यात मादी पाणवनस्पती चघळत उभी होती आणि तिच्यामागे तो, खांद्यापासून काळाभोर, शिंगांवर गवताच्या लांब झिपऱ्या. अर्थात पाठमोरा.

"थांब," बाबा कुजबुजले. "वळेल."

कलिना थांबली. ती गेले कित्येक दिवस थांबतच होती.

मागे भूर्जांमध्ये धुकं उतरलं. आत्याला लपण दिसेनासं झालं असणार, कारण हाक आली. लांबलचक, घसा ताणून मारलेली. कलिनाने डोळे घट्ट मिटले. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसरी हाक आली, उजवीकडून. मुसाचा एक कान फिरला. तिसरी हाक अगदी डबक्याच्या कडेची होती, आणि तिच्यात आता काळजी होती.

मूस वळला. सगळाच्या सगळा. लोंबतं नाक, गळ्याखालची झालर, शिंगांचे दोन पसरट पंजे, सगळं भोकात मावलं. बाबांनी तिचा खांदा दाबला. "दाब. आता दाब."

कलिनाचं बोट बटणावर होतं. पण लेन्समधून जे तिला दिसलं ते बाबांना दिसत नव्हतं. मुसाचे कान मागे पडले होते. मानेवरचे केस ताठ झाले होते. तो ओठ चाटत होता, मूस अंगावर धावून जाण्याआधी चाटतो तसे, आणि ज्या दिशेला पाहत होता तिथे धुक्यातून आत्याचा निळा रुमाल बाहेर येत होता.

कलिनाने बोट काढलं. फळीवर उभी राहून तिने डोक्यावरची चटई भिरकावली आणि ती ओरडली, "आत्या, इथे आहे मी! मागे फिर, झाडांत जा!"

मूस जागच्या जागी थबकला. त्याने एकदा रुमालाकडे, एकदा लपणाकडे बघितलं, मग पाणी उडवत तो पलीकडच्या झुडपांत शिरला. पाठमोरा.

आत्या झाडांच्या आडोशाने फेरा घालून लपणात आली ती बोलतच. "पहिल्या हाकेला ओ द्यायला तोंडाला काय झालं होतं?"

"ताई, तुझ्या हाकेने वॉर्सातली माणसं उठली असतील," बाबा म्हणाले. "छापा आता पंप."

"पंप काय वाईट आहे? निदान हाक मारली तर धावून तरी येतो."

मग दोघांचं जुंपलं. लहानपणी कोण कुणामुळे हरवलं होतं, तिथपर्यंत गेलं. कलिनाने दोघांकडे पाहिलं. मग भोकातून डबक्याकडे पाहिलं. मादी अजून तिथेच उभी होती, शांतपणे चघळत. ती आहे तोवर तो लांब जाणार नव्हता, आणि झुडपांत फांद्या मोडल्याचा आवाज आलाही.

कलिनाने चटई पुन्हा डोक्यावर ओढली. आत्याची टोपली फळीखाली सरकवली, आत्याला आपल्या आणि बाबांच्या मध्ये बसवलं, म्हणजे हाक मारायला कुणी लांब उरायला नको. दोघांच्या हातात काळ्या पावाचा एकेक जाड तुकडा दिला, तोंडं भरेपर्यंत वाट पाहिली, आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.