रविवारपुरतं नातं

मिशनच्या चर्चचे पाळकसाहेब हैदराबादच्या अधिवेशनाहून परतले ते एक नवा शब्द घेऊनच. मागच्या खेपेला त्यांनी 'जागृती' आणली होती; तिचं पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही. यंदा आणलं ते 'नातं'. बेघर माणसाला पसाभर ज्वारी देऊन भागत नाही, त्याच्याशी नातं जोडावं लागतं, हे त्यांनी उपासनेत तासभर समजावून सांगितलं. मंडळीच्या खजिनदारांना तो उपदेश मनापासून पटला. नात्याला ज्वारी लागत नव्हती.

लगेच चौघांची कमिटी झाली. तीत मिशनच्या शाळेतले हणमंतप्पा मास्तर होतेच. मास्तरांना 'नाही' हा शब्द मराठीत आणि उर्दूत सुरेख लिहिता येई. म्हणता मात्र कुठल्याच भाषेत येत नसे. त्यांची बायको राजूबाई हे लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून ओळखून होती. कमिटीची बातमी तिनं ऐकली आणि ज्वारी पाखडत राहिली.

बीदरहून मैलूरला जायच्या वाटेवर करोडगिरीचा जुना नाका होता. निजामाच्या राज्यात तिथं माल अडवून जकात घेत. करोडगिरी उठली, शिपाई गेले, छप्पर तेवढं शाबूत राहिलं आणि त्याखाली सात-आठ माणसं येऊन राहिली. पहिल्या रविवारी चौघे कोट घालून आलेले पाहताच ती माणसं गाठोडी उचलून उभी राहिली. सरकार उठवायला आलं असं त्यांना वाटलं. दुसऱ्या रविवारी कमिटीनं सुखदुःख विचारलं. तेव्हा हावगेप्पा नावाच्या आंधळ्या म्हाताऱ्यानं अदबीनं विचारलं, की साहेब लोक देत तर काही नाहीत, मग न्यायला काय आलेत?

तिसऱ्या रविवारी मास्तरांना यश आलं. नाक्याच्या ओट्यावर ईरम्मा नावाची बाई राहायची. ठाणाकुशनूरकडचं तिचं घर अठ्ठेचाळीस सालच्या धामधुमीत जळालं, मुलगा आणि सून कुठं गेली ते कळलं नाही. हे ती बाजारभाव सांगावा तसं सांगे. ऐकता ऐकता मास्तर तिला मावशी म्हणून बसले.

"मावशी म्हणालास?" ईरम्मानं विचारलं.

"व्हय. आजपासून तू माझी मावशी."

"मग घर कुठं हाय तुझं?"

मास्तर हरखले. मिशनच्या आवारात चिंचेजवळचं तिसरं घर, अशी त्यांनी खूण सांगितली, वर वाटेतली विहीरही सांगितली, म्हणजे मावशी चुकायला नको. घरी येऊन त्यांनी हे मोठ्या आनंदानं सांगितलं तेव्हा राजूबाईनं एकच विचारलं, पत्ता दिलात व्हय? नात्यात पत्ता लपवत नाहीत, असं मास्तर म्हणाले. ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत उतरवून ठेवलं.

मंगळवारी भर दुपारी ईरम्मा गाठोडं आणि पितळी तांब्या घेऊन दारात उभी राहिली. मास्तर शाळेत होते. आपण हणमंतप्पाची मावशी, असं सांगून ती आत आली आणि मावशीसारखंच घर न्याहाळू लागली. चुलीचं तोंड चुकीच्या बाजूला आहे, कोनाड्यात धूळ आहे, सून अंगानं वाळलेली आहे, हे सगळं तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. राजूबाईनं ओठ मिटून ताट वाढलं. गरम भाकर आणि अंबाडीची भाजी.

ईरम्मानं ताट हातानं सरकवलं. गळ्यातलं लिंगायतांचं लिंग पदराखाली नीट केलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "मला कोरा शिधा दे, बाई. माझं मी करून घेईन. तुमच्या हातचं आमच्यात चालत न्हाई."

राजूबाईची आई लहानपणी गावच्या विहिरीवर ओंजळ धरून उभी राहायची आणि असल्याच बाया वरून पाणी ओतायच्या. केवळ तेवढ्यासाठी नसलं, तरी तेवढं सुटावं म्हणूनही आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. आणि आता ही! घर जळालं, माणसं गेली, पण उंची तेवढी गाठोड्यात बांधून आणली होती. कमिटी जिला वर काढायला निघाली होती ती तर आधीपासूनच वर बसली होती, आणि ही गोष्ट हैदराबादच्या अधिवेशनात कुणाला सुचली नव्हती.

"मावशी, काय ते एक ठरव," राजूबाई म्हणाली. "परकी असशील तर दारात शिधा घालते, घे आणि जा. मावशी असशील तर ही भाकर हाय. दोन्ही मिळणार न्हाई."

ईरम्मा उठली. शिधा मागितला नाही, नाक्याची वाटही धरली नाही. चिंचेखाली गाठोड्यावर जाऊन बसली.

मास्तर शाळेतून आले तर मावशी बाहेर, बायको आत आणि दोघी मुक्या. शिकलेल्या माणसानं अशा वेळी जे करावं ते त्यांनी केलं. आधी प्रार्थना केली आणि मग पाळकसाहेबांकडं गेले.

पाळकसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. नातं आत्मिक असतं, त्यात गाठोडं येत नाही, असा खुलासा त्यांनी केला. खजिनदारही तिथंच होते आणि घामाघूम झाले होते, कारण हावगेप्पानं काठी टेकत टेकत त्यांच्या घराचा पत्ता विचारायला सुरुवात केली होती. कमिटी तातडीनं बसली. नातं फक्त रविवारी, चार ते पाच, नाक्यावरच जोडावं. कुणीही कुणाला पत्ता देऊ नये. आणि हणमंतप्पा मास्तरांनी आपली मावशी प्रेमानं परत पोहोचवावी, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतात मास्तरांचंही मत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ईरम्मा तिथंच होती. आवारातल्या बाया पाणी भरता भरता तिच्याकडं बघून जात. तिनं तांब्यातलं पाणी सोडून काही घेतलं नव्हतं. कालपासून आपल्याही पोटात काही नाही, हे चूल फुंकताना राजूबाईच्या ध्यानात आलं, आणि त्याचा तिला आणखीच राग आला. तिनं दोन ताटं वाढली, चिंचेखाली नेली, एक ईरम्मापुढं ठेवलं आणि हातभर अंतरावर बसून आपलं जेवू लागली.

ईरम्मानं रस्त्याकडं बघितलं. ओळखीचं कुणी येत नव्हतं. तिनं लिंगाला हात लावला, डोळे मिटले आणि भाकरीचा तुकडा मोडला. दुसऱ्या घासाला म्हणाली, "मीठ कमी हाय."

"मीठ बरुबर हाय. तुझं तोंड कडू हाय."

एवढं झालं आणि दोघी जेवल्या.

ठराव सांगायचं काम मास्तरांनी बायकोवर सोपवलं. बायकांचं बायकांत बरं असतं म्हणे. राजूबाईनं ताटं घासता घासता ऐकून घेतलं.

"पाळकसाहेबांना सांगा," ती म्हणाली, "ठराव रविवारचा हाय. आज बुधवार हाय."

ईरम्मा राहिली. पुढच्या रविवारी ती उपासनेलाही आली, पाळकीणबाईंना सरकायला लावून पहिल्या चटईवर बसली आणि प्रवचन संपेपर्यंत गाढ झोपली. त्याच आठवड्यात कमिटीनं नातं बंद करून ज्वारी पुन्हा सुरू केली. हैदराबादला अहवाल गेला, त्यात आठ जणांशी नातं जोडल्याचं लिहिलं होतं. जोडलं होतं ते एकच, आणि ते तोडायचा ठराव कमिटीच्या वहीत तसाच होता.

ईरम्मानं बाप्तिस्मा घेतला नाही. पाळकसाहेब दोनदा येऊन बसले, तिनं नीट ऐकून घेतलं आणि दोन्ही वेळा त्यांची स्वतःची मावशी कुठं असते ते विचारलं. राजूबाईशी तिचं रोज वाजे. भांडण नसलं की शेजारणी काळजीनं डोकावून जात.

वर्षभरानं, बीदर म्हैसूर राज्यात जायचं ठरलं त्या सुमारास, दोघी बाजारात गेल्या होत्या. तेलाच्या दुकानापाशी ईरम्माला तिच्या गावाकडची रुद्रम्मा भेटली. रुद्रम्मानं चौकशी केली, की राहायलीस कुठं, खायलीस कुणाकडं. ईरम्मा क्षणभर अडखळली. मग म्हणाली, की आपल्याच लोकांत राहते, हातानं रांधून खाते. ही सोबतची बाई ओझं उचलायला घेतली आहे.

राजूबाईनं सगळं ऐकलं. तेलाची बाटली पिशवीत उभी ठेवली आणि ओझं उचललं.

परतताना निम्मी वाट संपली. मग ईरम्माच म्हणाली, "तोंडाची फाटकी हाय ती. गावभर करंल."

"व्हय. घरातली गोष्ट बाहेर कामून सांगायची," राजूबाई म्हणाली. "मी तुझी कोण, ते मला बी तर सांगत न्हाईस कधी."

थोडं पुढं गेल्यावर ईरम्मानं पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला. त्यानं ओझं काही फारसं हलकं झालं नाही, उलट दोघींची पावलं जुळेनात. घरी ओसरीवर मास्तर कानडीची बाराखडी गिरवत बसले होते, कारण नव्या राज्यात शाळा कानडी होणार असं ऐकू येत होतं. दोघींचे चेहरे पाहून काय झालं ते विचारावं, असं त्यांना वाटलं. पण त्यांनी पाटीतून मान वर काढली नाही.