विस्तव न दाखवलेली साल

बुधवारच्या बाजारात डॉक्टर गुणवंतरावांनी झाडाची औषधी साल विकणाऱ्या बुधरीची टोपली पायानं उलटी केली, तेव्हा सुगंधाबाई शेजारी मुकाट उभ्या राहिल्या. त्या प्रसंगाचा राग त्यांना आठवडाभर आतून चावत होता. डॉक्टरांवरचा थोडा, स्वतःवरचा जास्त.

मूल गावच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती. नागपूरहून आलेल्या डॉक्टरांनी मागच्या खोलीत जंगली औषधांची तपासणी मांडली होती. काचेच्या बशीत जखमेतले जंतू वाढवायचे, मधोमध औषधाचा थेंब सोडायचा. औषधात दम असला तर थेंबाभोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल उमटतो. बुधरीच्या सालीच्या काढ्याभोवती काहीच उमटलं नाही. ही गोंड बाई चिघळलेल्या जखमांना जन्मभर तीच साल लावत आली होती. "ही लोकांना फसवते!" डॉक्टर भर बाजारात ओरडले, आणि तिच्याकडे कोणी फिरकेना.

सोमवारी ती दवाखान्याच्या पायरीशी येऊन बसली.

"बाई, तुमच्या डाक्टरले तीनदा सांगतलं, सालीले विस्तव दाखवू नोको म्हणून. दाखवला ना त्यानं?"

"दाखवला." काढा सुगंधाबाईंनीच उकळला होता, तासभर. डॉक्टरांनी वहीत तिचं सांगणं टिपलं होतं, आणि पुढे एकच शब्द लिहिला होता : अंधश्रद्धा.

"मंग मले काऊन खोटी म्हणून राह्यला? भात सोता जाळायचा आन् धानाले शिव्या द्यायच्या!"



मंगळवारी शिळासप्तमी, चूल न पेटवण्याचा दिवस. डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी, चांद्याला निघताना म्हणाले, "उरलेली साल उकळून ठेवा. उद्या अहवाल धाडतो, त्या बाईचं बाजारात बसणंच बंद करवतो."

सुगंधाबाई स्टोव्हपाशी आल्या आणि थांबल्या. आज त्यांच्या घरी चूल थंड होती. आदल्या दिवशीचा शिळा नैवेद्य सकाळी डॉक्टरांनीच मागून खाल्ला होता, वर हातही जोडले होते. माझ्या नेमाला नमस्कार, आणि तिच्या नेमाला अंधश्रद्धा? त्यांचे कान तापले. त्यांनी काडेपेटी फळीवर परत ठेवली. साल धुतली, पाट्यावर गार पाण्यात वाटली, फडक्यातून गाळली. जंतूंच्या एका बशीत या रसाचा थेंब सोडला, दुसरीत जुन्या काढ्याचा. दोन्ही बशा उबेच्या पेटीत ठेवल्या.

बुधवारी सकाळी काढ्याची बशी गढूळच होती. रसाभोवती मात्र रुपयाएवढा स्वच्छ गोल.

"वा!" डॉक्टर परतल्या परतल्या खुलले. "हा तर माझा शोध! द्या इकडे. अन् त्या बाईला सांगा, पाच शेर साल पाहिजे म्हणावं."

सुगंधाबाईंनी बशी मागं घेतली. "आधी वहीतला तो शब्द खोडा."

"काय?"

"खोडा म्हणते ना!" कंपाउंडर दारातून डोकावला. ह्या बाईंचा आवाज इतका वर चढलेला त्यानं कधी ऐकला नव्हता.

डॉक्टरांनी खोडला. लेखणीनं कागद फाटला.

"आता चला. टोपली जिथं उलटी केलीत, तिथंच खरं काय ते सांगा." बशीवर झाकण ठेवून, पदराआड धरून त्या बाजाराकडे निघाल्या. मागं चिखलात डॉक्टरांचे बूट पचपचत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

बुधरी भरल्या टोपलीशी एकटीच बसली होती. सुगंधाबाईंनी तिच्यापुढे बशी धरली.  डॉक्टर घसा खाकरून हळूच काहीतरी पुटपुटले.

बुधरी उठून उभी राहिली.

"जोरात बोल, डाक्टर. तवा जोरात बोलला होता ना तू?"