बजाबाईच्या चपला

बजाबाईनं पायात चपला घालाव्यात म्हणून तिच्या लेकानं, शिवराजनं, काय काय नाही केलं! रागावला, रुसला, जेवणार नाही म्हणून बसला. संध्याकाळी भुकेनं तोच शरण आला. शेवटी सुट्टीच्या दिवशी भर उन्हात तिला रिक्षात घालून सोलापूरच्या नवी पेठेत आणलं आणि चपलांच्या दुकानात खुर्चीवर बसवलं.

हट्टाला कारण होतं. बजाबाईला साखरेचा आजार, तळपायांची जाणीव गेलेली. मागच्या महिन्यात पायात खिळा घुसला तरी ही बाई दिवसभर घरात वावरत होती. फरशीवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा शिवराजला कळलं. जखम कशीबशी भरली, पण पुन्हा असं झालं तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता.

आणि अनवाणी चालणं कुणापायी, तर त्याच्याचपायी. लहानपणी तो तापानं फणफणला, त्यानं डोळे फिरवले. सांगोल्याकडच्या वस्तीवर ना डॉक्टर, ना गाडी. बजाबाईनं बिरोबाला सांगितलं, "पोरगं उटू दे, जलमभर पायात काय घालणार न्हाय." पोरगं उठलं. उठलं, शिकलं, चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर झालं आणि देवच नाही म्हणायला लागलं! त्यावर बिरोबाला काय वाटलं असेल, ते बिरोबालाच ठाऊक.

दुकानदार बाळासो मऊ तळव्याच्या चपला घेऊन समोर बसला. "मावशी, पाय पुढं करा."

बजाबाईनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"आये, समदं देवाच्या मर्जीनं हुतं म्हणतीस न्हवं?" शिवराजनं ठेवणीतला मुद्दा काढला.

"व्हय की."

"मग डॉक्टर बोलला तीबी त्याचीच मर्जी. घाल चप्पल."

जिंकलोच, असं त्याला वाटलं. बजाबाई आपल्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत राहिली.

"शिवा, माजं लगीन ठरलं तवा मला कुणी इचारलं न्हाय. तुजा बा गेला, तोबी इचारून गेला न्हाय. सोलापुरात ऱ्हायला चल म्हणलास, मी गठुडं बांधलं. ती समदी देवाची मर्जी आसंल. पर चपला त्यानं मागितल्या न्हवत्या. मी दिल्या. माज्या मनानं येवडी एकच गोष्ट केली बग मी. तीबी काढून घेतूस व्हय?"

इतकी वर्षं शिवराजला वाटायचं, आई देवाला भिऊन काटे तुडवते. भीती नव्हतीच ती. तिच्याजवळ द्यायला फारसं काही नव्हतं. जे होतं ते तिनं आपणहून त्याच्यासाठी देऊन टाकलं होतं. तो खाली वाकला आणि आपल्याच बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"काढून घेत न्हाय. तुज्या मनानं मला देतीस का? आईबापाचा ऱ्हायलेला नवस लेकानं फेडायचा असतो न्हवं?"

"तुजा तर इस्वास न्हाय."

"देवावर न्हाय," एवढंच तो म्हणाला.

"नगं रं बाबा. काटं मोडतील तुज्या पायात."

"मोडले तर मला कळंल तरी, आये. तुला कळतबी न्हाय."

बजाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदरानं तोंड पुसून तिनं डोळे मिटले, हात जोडले आणि दुकानात बसल्या बसल्या बिरोबाशी बोलणी सुरू केली. "देवा, माज्या मनानं देतीया, बरं का. पोरगं हौसेनं घेतंय. पर कारखान्यात बूट लागत्यात, तितं सूट दे. अन् थंडीचं जरा—"

"थंडीत चालंल मला."

"तू गप. तुज्यासंगं बोलत न्हाय मी."

मग तिनं स्वतःहून पाय पुढे केला. बाळासोनं तो हलकेच चपलेत बसवला. बजाबाईला चपलेत चालताच येईना. लेकाच्या खांद्याचा आधार घेत ती पाऊल घासत निघाली. रस्त्यावर येताच डांबराचा चटका बसून शिवराज टुणकन उडाला, आणि आई चक्क हसली. "सावलीतनं चाल की, येड्या!"

पुढच्या सुट्टीला सकाळी तो दूध आणायला निघाला. घरात कुणी नव्हतं. दाराशी आईच्या चपला नव्हत्या. त्या घालून ती भाजीला गेली होती. सवयीनं त्यानं आपल्या स्लिपरमध्ये पाय सरकवला आणि थबकला. बघायला आई नव्हती. देव तर त्याच्या लेखी कधीच नव्हता. त्यानं पाय बाहेर काढला, स्लिपर भिंतीला नीट लावून ठेवल्या आणि अनवाणीच जिना उतरला.