वरच्या कप्प्यातली शेकायची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. लाल रबराची, पोटात गरम पाणी भरून घेणारी. वारज्यातल्या एका फ्लॅटमध्ये, विजयमालाबाईंच्या न्हाणीघराबाहेर माझा खिळा होता.

बाईंचे दोन्ही खांदे आखडलेले. आज बिल्डिंग आहे तिथेच पूर्वी त्यांचं शेत होतं. कडब्याच्या पेंढ्या उचलणारे ते हात आता अंबाडा घालायलासुद्धा वर जाईनात. सकाळी मला खांद्यावर घेतलं की हात जरा सुटायचा आणि बाई आपला अंबाडा आपण घालायच्या. मग मी खिळ्याला उलटी लटकून ऐटीत वाळायचे.

एकदा त्यांच्या मुलाने, रणजितने, विजेवर तापणारा पट्टा आणला. पोरगा मायाळू, पण धसमुसळा. मला त्याने कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात कोंबलं आणि कडी लावली. अंगावर जुनं ब्लँकेट, दिवाळीच्या माळा. जीव गुदमरायचा. दाराची एक फट, तेवढंच माझं जग.

बाईंना त्या पट्ट्याची भीती वाटे. तारेला अंगाशी घेऊन कोण झोपतंय, असं त्या शेजारणीला म्हणाल्या, लेकाला नाही. त्याचं मन मोडायचं नव्हतं. खांदे पुन्हा धरले. सून तेजस्विनी ऑफिसच्या घाईत त्यांचा अंबाडा घालून द्यायची आणि बाई मान खाली घालून बसायच्या. मला फार वाईट वाटायचं. आम्ही दोघीही अडकलो होतो, मी कप्प्यात आणि त्या स्वतःच्याच अंगात.

मग त्यांनी कपाटाशेजारच्या भिंतीवर बोटं चालवायला घेतली. दवाखान्यात शिकवलेला व्यायाम होता तो. बोटं मुंगीसारखी वर चढायची, कळ आली की थांबायची. कधी कधी तर कंबरेच्या वर यायचीच नाहीत. मी आतून म्हणायचे, अजून थोडं. गणपती गेले, थंडी पडली. आणि एका सकाळी बाईंची बोटं कडीपर्यंत पोचली, कडी वाजली आणि त्यांनी मला खाली ओढलं.

पण इतके दिवस पडून माझं रबर आतून चिकटलं होतं. पाणी भरताच मी गळले. ओट्यावरचं पाणी पाहून रणजित म्हणाला, "आई, सांगायचं ना. मी काढून दिली असती."

"म्हणूनच न्हाई सांगितलं," बाई म्हणाल्या आणि दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा घालू लागल्या.

मित्रांनो, मी आता कामाची नाही, तरी त्यांनी मला पुन्हा खिळ्याला लावलं आहे. तुम्ही घरात नवं आणा, जुनं टाका, माझी तक्रार नाही. फक्त म्हाताऱ्या माणसांची वस्तू त्यांचा हात पोचेल तिथे ठेवा.